नवसाबाईच्या दारावरचे तांबडे गोल

१९३४ च्या नाताळात नवसाबाईने एकच रंग धरला, त्याला दोन कारणं होती. मिशनच्या ज्या बंगल्यात ती भांडी घासायची, तिथल्या मडमेने सांगितलं होतं की दहा रंगांच्या खिचडीपेक्षा एका रंगात घर उठून दिसतं. आणि दुसरं, गेरू पैशाला ओंजळभर मिळत होता. मडमेकडे तांबड्या कागदाचे गोळे टांगलेले असत. कागद परवडणारा नव्हता, म्हणून नवसाबाईने गेरूत डिंक कालवला आणि वाटीच्या मापाने भिंतीवर, चौकटीवर, दारावर भरीव गोल रंगवले. एकूण अठरा. नवरा यादव सुतारकामाला देवळालीच्या कँपात गेला होता, नाहीतर त्याने निदान बारावर थांबवलं असतं.

एवढी हौस मोठ्या भावासाठी. पुंजा दर आठवड्याला पिंपळगावाहून कांद्याची गाडी घेऊन नाशकात यायचा. यादवशी लग्न करून बहीण ख्रिस्ती झाली, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो गाडी दारापुढे थांबवायचा, बाजरीचं गाठोडं ओट्यावर ठेवायचा, खुशाली विचारायचा आणि निघायचा. उंबरा ओलांडायचा नाही. यंदा तिने निरोप धाडला होता, "आत येऊन चार घास खाणार नसशील, तर गाठोडंही आणू नकोस." निरोप गेल्यावर तिचाच जीव खालीवर होऊ लागला. त्याने खरंच यायचं सोडलं तर?

नाताळच्या आदल्या सकाळी दूधवाला नाथा दारापासून दहा पावलांवर थबकला आणि चरवी रस्त्यातच ठेवून मागे सरकला.

"आत आण की रे."

"नको बाई. पैसे राहू द्या."

नाथाच्या तोंडून हे वाक्य गल्लीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नवसाबाई चरकली. तिने बाहेर येऊन पाहिलं, तर समोरची दारं बंद, आणि कोपऱ्यावर बोचकी लादलेल्या गाडीत म्हातारी फुलाबाई बसलेली.

"मावशी, कुठं निघालात?"

"मळ्यात, झोपडीत राहायला. परवा मोरीत उंदीर मेला, तेव्हाच म्हटलं होतं मी. प्लेगच्या साली मुंबईत सरकारी माणसं असेच तांबडे गोल काढून जायची. माणूस गेलं की एक गोल. तू आत जा, पोरी, दार लाव."

"अहो, ही शोभा आहे, नाताळची."

"तेव्हाही लोक असंच लपवायचे," फुलाबाई म्हणाली आणि गाडी हलली. दोन माणसांच्या घरात अठरा माणसं मेली कशी, हा हिशेब करायला गल्लीत कुणी थांबलं नव्हतं.

नवसाबाई ओलं फडकं घेऊन दार घासू लागली. डिंक चांगलाच चिकट होता. गोल पुसले गेले नाहीत, नुसते पसरले आणि दार आणखीच भेसूर दिसू लागलं. तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आता दादा आत येणं दूरच, कोपऱ्यावरूनच गाडी वळवणार. गेरू आहे, असं ओरडून सांगायला ती फडकं टाकून धावणार, तोच गाडी दारापुढे आली.

पुंजाने दार पाहिलं. कोपरापर्यंत लाल झालेली बहीण पाहिली. कासरा टाकून त्याने उडी मारली आणि वहाणांसकट थेट आत. तिला दंडाला धरून चुलीपाशी बसवलं आणि तो तिची मान चाचपू लागला.

"गाठ कुठं हाय? काखंत?"

"कसली गाठ?"

"ताप कधीपासून हाय?"

"दादा, गेरू आहे तो. घर सजवलंय."

पुंजाने स्वतःची बोटं पाहिली, मग भिंत, मग चूल. तो कुठे उभा आहे हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"असलं सजवतं व्हय कुणी?" तो म्हणाला. आवाज धड नव्हता. "वाटलं, तू गेलीस."

तो वळला आणि दाराकडे चालू लागला. गेला, नवसाबाईला वाटलं. पुंजाने उंबऱ्याबाहेर जाऊन वहाणा काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि परत आत येऊन मांडी घातली.

"वाढ," तो म्हणाला.