लाजरं माप

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माणसाला सुखाने उभं राहू न देणाऱ्या एकच बाई आहेत, आणि त्यांचा धंदा माणसांना उभं करण्याचा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात त्या कृत्रिम पाय बनवतात. माझा उजवा पाय गुडघ्याखाली मधुमेहाने नेला. त्याच्या जागी जो आला तो यांच्या हातचा, म्हणून आमच्या घरात त्या ‘पायवाल्या बाई’. गाळ्यात मापाचं महागडं यंत्र आहे. बाई त्यावर डब्याची पिशवी ठेवतात आणि गळ्यातली शिंप्याची टेप वापरतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कुबड्यांवर ताठ उभा राहिलो, छाती पुढे काढून. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, आमटीत चिंच घालता की आमसूल?” मी कोकणातला. चिंच हा शब्द ऐकून माझा जो तोल सुटला तो अर्धा तास सावरला नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, “बाई बोलघेवड्या आहेत, मापच घेतलं नाही.” माप केव्हाच घेऊन झालं होतं. मी आमसुलाची बाजू मांडत असताना टेप दोनदा फिरली होती.

ही युक्ती त्यांच्या वडिलांची. ते शहाड स्टेशनजवळ शिंपी होते. टेप लागली की माणूस पोट आत घेतो, श्वास धरतो, असेल त्यापेक्षा बरा दिसायला बघतो. अशा मापाला ते ‘लाजरं माप’ म्हणत आणि वहीत त्या आकड्यापुढे ‘ला.’ लिहीत. तरुणपणी त्यांनी एका नवरदेवाचा सूट अशाच मापावर शिवला. नवरदेव अक्षता पडेपर्यंत छान दिसला, पण पंगतीत बसेना. सासरची मंडळी आग्रह करतायत आणि हा म्हणतोय, मला उभ्यानेच जेवायची सवय आहे. शेवटी वडील सुईदोरा घेऊन मांडवामागच्या खोलीत गेले, विजार उसवून वाढवून दिली आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून गिऱ्हाईक गप्पांत विरघळल्याशिवाय त्यांनी टेप उचलली नाही. बाई हे सगळं आजही पाळतात. ‘मस्त चालतोय’ म्हणणाऱ्या एका निवृत्त साहेबांना त्या भाजीवाल्याकडे घेऊन गेल्या. “घासाघीस करताना माणूस पायाचं नाटक विसरतो,” असं त्यांचं म्हणणं. साहेब कोथिंबिरीवरून भांडले, लंगडले आणि पाय परत करून घरी गेले.

आता माझी गोष्ट. डोंबिवलीच्या एका शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. दिवाळीपासून रजेवर होतो, रजा संपत आली होती. मुख्याध्यापिका भल्या बाई, त्या फोनवर म्हणाल्या, “सर, उगाच दगदग कशाला? जूनपासून लायब्ररीत बसा, वर्ग दुसऱ्या कुणाला देते.” मी हादरलो. वर्गाशिवाय मी काय करणार होतो? शाळा उघडेल त्या दिवशी दोन पायांवर हजर व्हायचंच, असं मी ठरवलं.

त्यामुळे शाळा उघडायच्या तीन दिवस आधी गाळ्यात मी नव्या पायावर दहा फेऱ्या मारल्या, हसत हसत. “दुखतंय?” बाईंनी विचारलं. “अजिबात नाही,” मी म्हणालो. बाई म्हणाल्या, “चला, चहा घेऊ.” टपरीवर त्यांनी सहज विषय काढला. भाचीला ऋण गुणिले ऋण धन का, तेच कळत नाही म्हणे. मला एवढं पुरे होतं. मी उभ्याउभ्याच वाकून बाकड्यावर खिशातल्या खडूने अंक मांडायला लागलो, भान हरपून. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, “सर, पाय उचललात.”

खरंच, सगळा भार मी डाव्या पायावर टाकला होता. गाळ्यात परत नेऊन त्यांनी पाय उतरवला. पायाची जी वाटी गुडघ्याखाली बसते, तिने पुढच्या बाजूला लालभडक वळ उठवला होता. “हा पाय आता इथेच राहणार,” त्या म्हणाल्या. मी चिडलो, नको ते बोललो. माझी नोकरी आहे, तुमची नाही, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. “हाच पाय तुम्हाला लायब्ररीत बसवेल, सर. पंधरा दिवसांत जखम होईल. मला आठ दिवस द्या.”

“शाळा देणार नाही.”

“मग शाळेशी मी बोलते ना.”

आणि खरोखरच शाळा उघडली त्या सकाळी बाई डोंबिवलीत हजर. मी कुबड्यांवर, विजारीचा उजवा पायचा दुमडलेला. मुख्याध्यापिकांना त्या म्हणाल्या, “ह्यांना आठ दिवस खुर्चीत बसून शिकवू द्या. नवव्या दिवशी पूर्ण तास उभे नाही राहिले तर वडिलांचं नाव लावणार नाही मी.” मग जरा वाकून, “मॅडम, तुमची डावी चप्पल चावते ना?” चप्पल चावत होती. आठ दिवस मिळाले.

नवव्या दिवशी नववीच्या वर्गात मी दुरुस्त होऊन आलेल्या पायावर उभा राहिलो आणि बाई शेवटच्या बाकावर बसल्या. पहिली पाच मिनिटं मी शहाण्यासारखा चाललो, मग समीकरणात शिरलो आणि त्यांना विसरून गेलो. घंटा झाली तेव्हा मी उभाच होतो आणि कुठेही दुखत नव्हतं. व्हरांड्यात बाई डोळे पुसत होत्या. “पाय बनवायला लागले आणि दुकानातलं शिलाई मशीन विकलं, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते. त्यांना वाटलं, पोरीने आपलं काम टाकलं. हे त्यांना दाखवायचं राहूनच गेलं, सर.” त्या रिक्षाने स्टेशनला गेल्या.

मी वर्गात परतलो. पुढचा तासही माझाच होता. रोजच्यासारखं “समजलं का?” विचारलं आणि रोजच्यासारखं चाळीस गळ्यांतून “हो सर” आलं. बावीस वर्षं हेच उत्तर घेऊन मी घरी जात होतो. त्या दिवशी मात्र मला त्या ‘हो’पुढे ‘ला.’ दिसलं. पुस्तक मिटलं आणि खिडकीशी बसणाऱ्या एका मुलीशी बोलत बसलो. तिची आई पोळ्यांची ऑर्डर घेते. पोळी फुगते कशी, कडा का कडक होतात, असं बरंच काही ती सांगत राहिली. मग मध्येच थांबून, खाली बघत म्हणाली, “सर, मला ना, अपूर्णांकांपासूनच काही नाही समजलेलं.”

वर्ग हसला नाही. दोन-तीन माना हळूच वर झाल्या. नववीच्या बीजगणिताच्या तासाला मी खडू उचलला, फळ्यावर एक गोल पोळी काढली आणि तिचे चार भाग केले.