राखेचं सिमेंट

सोलापूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिमेंटची प्रयोगशाळा सांभाळणारे एक मामा आहेत. त्यांचं नाव कुणी विचारत नाही. जमिनीखालची उष्णता वर आणणाऱ्या खोल विहिरींत लोखंडी पाइपाभोवती भरलेलं सिमेंट किती टिकेल, हा माझा पीएच.डी.चा विषय. त्यात मी साखर कारखान्यातली राख मिसळते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे काम फसेल याची धास्ती कायम असते.

वाफेच्या बंद भांड्यातून काढलेला सिमेंटचा प्रत्येक ठोकळा मामा पंच्याने पुसतात, टिचकी मारून कानाशी धरतात. "ह्यो बोलतोय की, मॅडम," असं ते म्हणाले की मला धीर येतो.

परवा सहा महिने वाफेत ठेवलेल्या ठोकळ्याला टिचकी मारून ते गप्पच राहिले. दाब देणाऱ्या यंत्राखाली तो अपेक्षेच्या निम्म्या दाबालाच बिस्किटासारखा फुटला.

"एखादा खराब निघतो, मामा. हा धरायला नको," मी म्हणाले.

ते आत जाऊन आणखी तीन ठोकळे घेऊन आले. "तुमच्या उरल्याल्या मालाचं म्याच तवाच वाफंत घालून ठिवलं हुतं. एकट्याचं कोन ऐकत न्हाय."

तिन्ही तसेच फुटले.

"लई वाईट झालं, मॅडम," मामा म्हणाले आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. चौथा आकडा लिहून होईपर्यंत ते शेजारी उभे होते. सोबतीला की पहाऱ्याला, हे मी अजून विचारलेलं नाही.