नोटेचा कान

देवाजीभाऊंची सारी नोकरी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये कागदाच्या कडा सरळ कापण्यात गेली. भाऊ रिटायर झाले, हात झाले नाहीत. घरात लग्नपत्रिका आली की आधी तिची कड तपासायची, मग नवरदेवाचं नाव. एकदा त्यांनी बायकोची, रुखमाबाईंची, पोळीही चौकोनी करून ठेवली. त्या दिवशी भाऊंचं जेवण शेजारी झालं.

बाईंच्या डब्यात दहाची एक जुनी कोरी नोट होती. छापखान्यात कोपरा दुमडला असावा, कारण तिथं बोटभर जास्तीचा कागद कानासारखा लोंबत राहिला होता. दुकानदार घेत नव्हते, म्हणूनच ती टिकली. पुतणी साक्षीनं तिचा फोटो चंद्रपुरात जुन्या नोटा विकणाऱ्या अजयला पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"काकू, निस्ती जुनी असून भाव येत नाई. जुन्या तं पोत्यानं पडल्या हायेत. अशी दुसरी किती जणाकडं हाय, कोरी हाय का, घडी पडली का, हे पाह्यते गिऱ्हाईक. तुमच्या नोटीत छापखान्याची गलती हाय, दहा हजार कुठी गेले नाई. रविवारी आणा. फक्त धुवू नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तं बिलकुल नाई."

रुखमाबाईंनी फोन ठेवायच्या आत ठरवलं: बुद्धगया. तेही एसीच्या डब्यात, पांढरी चादर ओढून.

रविवारी साक्षीला घेऊन निघताना नोट भाऊंच्या हाती आली. त्यांनी धुतली नाही, इस्त्री केली नाही. पण तो कान! असला माल घेऊन चारचौघांत जायचं? मिलमध्ये सुपरवायझरनं तोंडावर फेकला असता. बाई चप्पल शोधत होत्या, तेवढ्यात कैची चालून गेली.

चंद्रपुरात अजयनं भिंगातून नोट उलटीसुलटी पाहिली.

"काकाजी, कान कुठी गेला?"

"कापला ना. पाह्य, कशी लाईनीत हाय."

"आता हे दहा रुपयाची नोट हाय."

"तो तुकडा चिकटवला तं?"

"मंग नऊ रुपयाची होईन."

"अरे, पण कापू नका मनून काऊन नाई सांगतलं?"

"खाऊ नका, हेबी नाई सांगतलं, काकाजी." अजयनं नोट पुन्हा भिंगाखाली धरली. "कटिंग मात्र मशीनवानी मारली."

भाऊंची मान ताठ झाली. बाईंनी ती पाहिली.

"साक्षी, तिकिटं काढ," त्या भाऊंकडे बोट दाखवून म्हणाल्या. "यायच्या पेन्शनमधून. माह्यं एसीचं. यायचं जनरलचं, पाय ठेवाले जागा भेटली तं भेटली."