हा संपतो कुठे?

संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून मॅडम विचारायच्या, "हा संपतो कुठे?"

बोट जिथे टेकलेलं असायचं, तिथे आमच्यापैकी कुणीतरी एक थ्रेड सुरू केलेला असायचा. सगळ्यांच्या पडद्यांवर मॅडमच्या बोटांचे डाग होते आणि आमच्या कपाळांवर आठ्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, एका छापखान्याच्या माडीवर आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती. मालक, आमचं काम तपासणाऱ्या मॅडम आणि आम्ही चार-पाच प्रोग्रामर. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या निरनिराळ्या कामांपैकी एक. एक यंत्राचं तापमान वाचतोय, दुसरा छपाई करतोय. सुरू करायला एक ओळ पुरते. काम संपलं की मात्र त्याला थांबायला सांगावं लागतं आणि तो खरंच थांबेपर्यंत वाट बघावी लागते. मध्येच मारला, तर त्याने जे अडवून धरलं असेल, समजा मीटर किंवा प्रिंटर, ते तसंच अडकतं आणि बाकीचे त्यापायी ताटकळत बसतात.

"मारू नका रे," मॅडम म्हणायच्या. "थांब म्हणा, आणि तो थांबेपर्यंत उभे राहा."

एका सहकाऱ्याचं लग्न ठरलं, तो पेढे घेऊन आला. मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अभिनंदन. तुझा छपाईचा थ्रेड अजून जिवंत आहे."

मी तेव्हा दिव्याला राहायचो. नळाला पाणी यायचं ते संध्याकाळी, तेही जरा वेळ. "मॅडम, पाणी जाईल हो," मी काकुळतीला यायचो. "मग थ्रेड नीट बंद कर आणि पळ," उत्तर ठरलेलं. एकदा खरंच पाणी चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम डोंबिवलीच्या घरून भरलेला कॅन घेऊन हजर. "घे. आता तक्रार नको." असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सोबत राहवत नाही, आणि तोडवतही नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्याला आम्ही प्रोग्राम दिला होता. रंगाच्या टाक्यांचं तापमान तो पडद्यावर दाखवायचा. टाकीतला कापडाचा एक घाणा संपून दुसरा सुरू झाला, की जुना थ्रेड बंद व्हायचा आणि नवा लागायचा. मॅडमनी तिथे वाट बघण्याची सोय केली होती. तापमान मोजणारे मीटर संथ होते, त्यामुळे पडदा थोडा वेळ थबकायचा.

"गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं सॉफ्टवेअर झोपतं," मालक म्हणाले.

"झोपत नाही. निरोप देतंय."

"मॅडम, कविता नको. वेग हवाय."

मालक स्वतः प्रोग्रामर होते. मॅडम रजेवर असताना त्यांनी ती वाट बघण्याची सोय काढून टाकली आणि जुन्या थ्रेडला सरळ मारायची ओळ घातली. पडदा थबकायचा थांबला. कारखाना खूश झाला. मॅडम परत आल्यावर जे भांडण झालं ते खाली छापखान्यापर्यंत ऐकू गेलं. पण ओळ तशीच राहिली.

मग एका दुपारी पडद्यावरचा आकडा गोठला. टाकी तापत होती आणि पडदा मात्र आधीच्या घाण्याचं शेवटचं, निवलेलं तापमान दाखवत होता. टाकीवरचा जुना काटा कधीचाच बिघडलेला. संगणक आल्यावर तो कुणी बदलला नव्हता. ऑपरेटरने पडदा पाहिला, टाकी निवलीय असं समजून नमुना काढायला झाकण उचललं. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

कारखान्याच्या मॅनेजरने ठरवून टाकलं, की त्याने न बघताच झाकण उघडलं. आमच्या मालकांनी मान डोलावली.

मॅडम मला घेऊन थेट कारखान्यात गेल्या. हाताला बँडेज बांधलेला तो ऑपरेटर रंगखात्याबाहेर बसला होता. "मॅडम, मी बघितलेलं. आकडा कमीच होता. आईशप्पथ."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "दाखवते सगळ्यांना."

मॅनेजरला समोर बसवून त्या घाणा बदलायचं बटण दाबू लागल्या. पडदा गोठेना. पुन्हा दाबलं. आकडे आपले सुरळीत. जुना थ्रेड नेमका मीटर अडवून धरलेल्या क्षणी मरायला हवा होता, आणि त्या दिवशी तो प्रत्येक वेळी भल्या जागी मरत होता. "आता होईल," मॅडम म्हणाल्या. नाही झालं. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता. ज्या प्रोग्रामला आम्ही रोज शिव्या घालायचो तो त्या दुपारी आदर्श मुलासारखा वागत होता. मला तो संगणक उचलून आपटावासा वाटला.

"झालं का, मॅडम?" मॅनेजर उठला.

"होतं हो असं! कधी होतं, कधी नाही. तीच तर अडचण आहे!"

"म्हणजे नाही होत," तो म्हणाला आणि गेला.

ऑपरेटरला पॅकिंगला टाकलं. मॅडमनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मालकांनी थांबवलं नाही.

पुढे महिनाभरात त्याच कारखान्यात पडदा पुन्हा गोठला, या वेळी खुद्द मॅनेजरसमोर. कुणाला इजा झाली नाही. मालकांनी एक अवाक्षर न बोलता मॅडमची वाट बघण्याची सोय जशीच्या तशी परत घातली. मला इतका आनंद झाला, की जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरच्या पीसीओतून त्यांना फोन लावला.

"मॅडम, तुमचंच खरं ठरलं! दुरुस्त केलं त्यांनी."

"आणि तो ऑपरेटर? त्याला परत रंगखात्यात घेतलं?"

"नाही. त्याला परवा काढूनच टाकलं."



"मग दुरुस्त काय केलं रे?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बाहेरचा माणूस नाणं काचेवर आपटून घाई करत होता. मी रिसीव्हर कानाला धरून तसाच उभा राहिलो.