नीराबाईचे बाहेरचे दात

रेवदंड्यात बोंबील कसे वाळवावेत हे नीराबाईला शिकवायला कुणी जात नाही. श्वास कसा सोडावा हे मात्र तिला दोन शहाणी माणसं शिकवत होती: अलिबागचे डॉक्टर आणि पनवेलचा मुलगा.

नवरा गेल्यावर तिने घरामागच्या जागेत काठ्या रोवल्या, मासळी वाळवली आणि त्यावर केतनला इंजिनिअर केलं. केतनने स्वतःच्या लग्नात त्याची फेड केली. फोटोत आईचं बोळकं दिसू नये म्हणून तिला कवळी करून दिली. हिरड्यांना ती घासे. फोटो निघाले आणि जेवणाआधीच नीराबाईने दात रुमालात बांधले. तेव्हापासून ते बाहेरचे दात झाले. लग्नाला, हळदीला, अलिबागला जाताना घालायचे.

गेल्या वर्षी तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी फुंकायचं मीटर दिलं. छातीभर श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात फुंकायचं. काटा थांबेल तो आकडा. दवाखान्यात तो दोनशे सत्तर येई. घरी दीडशेपुढे सरकेना. डॉक्टरांनी यावर फार वेळ दवडला नाही. इथे चांगला, घरी वाईट, म्हणजे घरची हवा वाईट, सुक्या मासळीची धूळ. त्यांनी गोळ्या वाढवल्या. नीराबाईचं तोंड सुजलं, हात थरथरू लागले. आकडा होता तिथेच राहिला.

केतन रोज सकाळी व्हिडिओ कॉल करी. आईचं तोंड बघायला नव्हे.

"मीटर दाखव, आई. कॅमेऱ्यासमोर धर. परत दीडशे? तू मनापासून फुंकतच नाहीस."

"मनापासूनच फुंकतंय रे. घेरी येईस्तोवर फुंकतंय."

शेवटी त्याने ठरवून टाकलं. काठ्या उपटायच्या, जागा रिसॉर्टवाल्या पियूषला द्यायची आणि आईने पनवेलला सातव्या मजल्यावर राहायचं. तिथली हवा चांगली, असं त्याचं म्हणणं. पनवेलची हवा चांगली म्हणणारा माणूस मला या वयात प्रथमच भेटला.

"सातव्या मजल्यावर मी काय वाळवू? सुनेचे कपडे?" नीराबाई मला म्हणाली. तिला रडू येत होतं, पण तेवढा दम नव्हता.

रविवारी केतन गाडी घेऊन आला. शेजारी म्हणून मी निरोप द्यायला गेले. नीराबाई चांगलं लुगडं नेसून, दात घालून ओट्यावर बसली होती. पातेली, गोधड्या गाडीत भरून झाल्या होत्या. डॉक्टरांना कळवायला म्हणून केतनने इथला शेवटचा आकडा मागितला. तिने फुंकलं. दोनशे साठ.

केतनने मीटर झटकलं, उलटं करून पाहिलं. "बिघडलंय. परत फुंक."

पुन्हा तेच.

मी तिला विचारलं, "नीराबाई, रोज फुंकताना दात घालतेस का?"

"घरात? घरात दात कोन घालतंय, बाई?"

"मग काढ आणि फुंक."

तिने पाठ फिरवून दात काढले आणि फुंकलं. ओठ आत गेलेले, नळीभोवती बसेनात. कोपऱ्यातून फुस्स आवाज आला. केतनने तिच्या ओठांशी हात धरला. अर्धी फुंकर त्याच्या तळहातावर आली. काटा दीडशेवर.

"हे तू सांगायचं ना, आई."

"तू इचारलंस कधी? तू मीटर बघतंस."

त्याने डॉक्टरांना फोन लावला. कवळी घालूनच फुंकायचं असतं, हे उघड आहे, असं डॉक्टर म्हणाले. इतकं उघड, की महिनोन् महिने त्यांनाही दिसलं नव्हतं. घरच्या हवेबद्दल त्यांनी आता अवाक्षर काढलं नाही. गोळ्या एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू, बुधवारी दाखवायला आणा, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

केतन गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण आता सामान भरलंय, आई."

"मग सामान जाऊ दे पनवेलला," नीराबाई म्हणाली. तिने नाकाला पदर बांधला आणि बोंबील उलटायला मागे गेली.

पातेली केतनला एकट्यालाच उतरवावी लागली. त्यालाही चांगलाच दम लागला.