गाडी भंगारात जाणार नाही

मोशावाचं, त्या शेतकरी वस्तीचं, फाटक मागे पडून बराच वेळ झाला होता, तरी येमिमाने गाडीचा एक शब्द काढला नव्हता. पनीनाला नेमकं हेच सोसत नव्हतं. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, संत्री अजून हिरवीच, वर टळटळीत ऊन, आणि शेजारून भावजय अशी चाललेली, जणू तिच्यासारखी निवांत बाई सगळ्या इस्रायलात नाही.

दोघी सकाळी मोशावात राहणाऱ्या ओफ्राच्या नातवाच्या सुंतेला गेल्या होत्या. मूल आठ दिवसांचं झालं की सुंता व्हायलाच हवी, मग तो दिवस शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा, का असेना. आणि शब्बाथला गाडीत बसायचं नाही, म्हणून आपल्या गावाहून, किर्यात मलाखीहून, चालत जाणं आणि चालतच येणं. शब्बाथला चालायची जी हद्द घालून दिलेली आहे, तिच्यात तो मोशाव कसाबसा बसायचा. पनीनाचा डावा गुडघा मात्र त्याच्या खूप आधीच संपला होता.

"दमलात का वन्सं? सावलीत टेकायचं?"

"मला टेकवू नकोस बाई. टेकले तर उठवायला क्रेन लागेल, आणि क्रेनवाल्याचाही आज शब्बाथ."

येमिमा हसली आणि तिने चाल कमी केली.

"तू हसतेस काय?" पनीना म्हणाली. "उद्या दुपारी भंगारवाला दारात येणार. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"आज शब्बाथ आहे, वन्सं. कामाचं बोलायचं नाही."

"बोलायचं नाही. पण मनात?"

"मनाला कोणी रब्बीने बंदी केलेली नाही. मनात मी सकाळपासून मागचं चाक काढून बसलेय."

झालं होतं ते असं. येमिमाकडे एक जुनी जपानी डिझेल पिकअप होती. इकडे सगळे तिला टेंडर म्हणतात, येमिमा नुसतं गाडी म्हणायची. गुरुवारी ती वर्षाच्या टेस्टला नेली आणि ब्रेकवर नापास झाली. पाय दाबला की पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली जायचं. तपासणाऱ्या माणसाने कागदावर शिक्का मारला आणि रविवारी सकाळची वेळ देऊन सांगितलं, हे शेवटचं, परवान्याची मुदत संपतेय. येमिमाचा मुलगा अलोन पेताह तिक्वाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो किती वर्षं मागे लागला होता की गाडी काढून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. गुरुवारी फोनवर तो हिब्रूत ओरडला, "इमा, मस्पिक!" आई, आता पुरे. आणि ही मराठीत म्हणाली, "ठीक आहे. रविवारी पास झाली नाही तर दुपारी तुझ्या भंगारवाल्याला घेऊन ये. मी स्वतः किल्ली देईन. पण पास झाली, तर पुन्हा हा विषय माझ्या घरात काढायचा नाही."

शब्द देऊन बसली. गाडी गेली की काम गेलं. ती मोशावातल्या शेडवरून भाजीचे क्रेट उचलून गावातल्या दुकानांत पोचवायची, त्यावर तिचं घर चालायचं. काम गेलं की पेताह तिक्वाचा चौथा मजला, नातवंडं शाळेतून येईपर्यंत खिडकीशी बसायचं, आणि सून नोकरीवरून आली की तिला विचारून चहा करायचा. अलोन वाईट मुलगा नव्हता. त्याने आईसाठी खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. पण येमिमा म्हणायची, रंग चांगला आहे, दार मात्र त्यांच्या घराचं आहे.

सुंतेच्या जेवणात हीच चर्चा. ओफ्राचा नवरा इस्रायल, थट्टेखोर माणूस, ताट हातात घेऊनच आला. "काय येमिमाबाई, उद्या तुमच्या टेंडरची लेवाया म्हणे! आम्ही किती वाजता यायचं?" लेवाया म्हणजे अंत्ययात्रा. बायका फिस्सकन हसल्या.

"या की खांदा द्यायला," येमिमा म्हणाली. "फक्त पुढून येऊ नका. ब्रेक कच्चे आहेत."

तेव्हा पनीनालाही हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. कारण ती अलोनच्या बाजूची होती आणि हे येमिमालाही माहीत होतं. गाडी पनीनाच्या धाकट्या भावाची, येहेझकेलची. तो हृदयविकाराने गेला तेव्हा पनीनाला वाटलं, शोकाचे तीस दिवस झाले की भावजय गाडी विकेल. विकणं राहिलं बाजूला. एकतिसाव्या दिवशी येमिमा नवऱ्याचा जुना शर्ट चढवून इमारतीच्या मागे गाडीखाली आडवी झालेली. नुसत्या सपाता बाहेर. जिन्यातल्या बायका म्हणाल्या, दुःखाने डोकं फिरलं. पनीना खाली जाऊन त्या सपातांना म्हणाली, "येमिमा, बाहेर ये. झिराडकरांच्या घरातल्या बायका असल्या जागी पडत नाहीत." आतून आवाज आला, "वन्सं, तो चौदाचा पाना सरकवा."

पनीनाने पाना सरकवला नव्हता.

पहिल्याच वर्षी पेसाखच्या आधी येमिमाने एक घोटाळा केला, आणि ती तो स्वतःच सगळ्यांना सांगायची. पेसाखला घरात आंबवलेल्या पिठाचा कण राहायला नको, म्हणून आपल्या बायका कपाटं उलटी करतात. येमिमाला वाटलं, गाडीत आपण रोज पाव खातो, मग गाडीच्या कानाकोपऱ्यात कण असणारच. लावला रबरी नळ. सीट धुतली, तळ धुतला, इंजिन धुतलं. डिझेलच्या टाकीचं झाकण कधीच हरवलेलं, तिथे फडक्याचा बोळा होता. त्या बोळ्यातून पाणी टाकीत. सणाच्या आदल्या दिवशी गाडीने दोन आचके दिले आणि पांढरा धूर सोडून गप्प. ओढून गॅरेजात नेली. गॅरेजवाला म्हणाला, पंप गेला, इंजिन गेलं, एवढ्या म्हाताऱ्या गाडीवर खर्च कोण करतं, विकून टाका.

"गाडीला पेसाख पाळायला लावला, दुसरं काय होणार," असं सगळीकडे झालं. येमिमाने सण पुरा होऊ दिला. मग ती गाडी ढकलून घरामागे आणवली, टाकी खाली करून उन्हात वाळवली, फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडलं, नवं डिझेल भरलं आणि हातपंप मारत नळ्यांतली हवा काढत बसली. पांढरा फेस यायचा बंद होऊन स्वच्छ डिझेल आलं तेव्हा नळी आवळली. मग इंजिन तापवणाऱ्या हीटरचा लाल दिवा विझेपर्यंत थांबून किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि लागली. येमिमा ती घेऊन गॅरेजवाल्याच्या दारासमोरून दोनदा गेली. एकदा कामासाठी, एकदा नुसतीच.

हे सगळं पनीनाला पाठ होतं. तरी आज चालता चालता ती म्हणून गेली, "तुझी हिंमत मोठी आहे, मी नाही म्हणत नाही. पण हिंमत वेगळी आणि हात वेगळा. येहेझकेल असता तर गोष्ट निराळी. माझ्या भावाच्या हातात जादू होती. त्याच्यामागे तू ओढतेयस, पण बाईमाणसाने कुठवर ओढायचं?"

येमिमा थांबली. बागेच्या कुंपणाशी, भर उन्हात.

"वन्सं, शब्बाथला कामाचं बोलत नाहीत. पण शब्बाथला खोटंही ऐकून घ्यायचं नसतं. तुमच्या भावाने त्या गाडीचा एक नट कधी खोलला नाही."

"काय बोलतेस?"

"डिझेलच्या वासाने त्यांना घेरी यायची. ते गाडी चालवायचे, उत्तम चालवायचे. दुरुस्ती माझी. माझे बाबा मुंबईला बसच्या डेपोत फिटर होते. मी डबा घेऊन जायची आणि जेवण होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून बघायची. इकडे आल्यावर मी कारखान्यात मशीनवर होते, तिथे आणखी शिकले. आम्ही मुद्दाम इमारतीच्या मागच्या बाजूला काम करायचो. कोणी जिन्यातून आलं की मी बाजूला व्हायची आणि ते बॉनेटमध्ये वाकायचे."

"आणि हे लपवायचं कारण?"

"त्यांना लाज वाटायची. मला त्यांची लाज सांभाळायची होती. नवऱ्याचं नाव होतंय तर होऊ दे, म्हटलं. पण आता ते नाहीत, आणि त्यांचंच नाव पुढे करून सगळे मला गाडीखालून ओढून काढायला निघालेत. अलोन म्हणतो बाबा असते तर. वरच्या मजल्यावरचा मेईर म्हणतो येहेझकेल असता तर. तुम्ही म्हणता माझ्या भावाचे हात. माझे हात कुणी बघितलेत? मी नवऱ्याचं नाव राखलं, वन्सं. मला मोडीत काढायला ते वापरलं तर मी ऐकणार नाही. तुमच्याकडूनसुद्धा नाही."

पनीना पुढे चालू लागली. गुडघ्याची आठवणच तिला राहिली नाही. भावाला पुरताना ती सगळ्यांदेखत म्हणाली होती की असे हात पुन्हा होणे नाही. आता तिला ते हात दिसायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशच्या प्रार्थनेचा पेला धरलेले, नखं कशी स्वच्छ, कापलेली. आणि त्याच टेबलाशी वाढणाऱ्या येमिमाच्या नखांत काळी रेघ. "निदान शब्बाथला तरी हात घासून ये," असं पनीनाच तिला चार माणसांत म्हणाली होती. येहेझकेल तेव्हा खाली बघत बसला होता. येमिमा उठून पुन्हा हात धुऊन आली होती.

बागा संपल्या, गावाच्या इमारती दिसायला लागल्या. मागून येमिमाच्या चपला वाजत होत्या, ना जवळ, ना लांब.

"मग ब्रेकला कोण बसायचं?" पनीनाने न वळता विचारलं. "तूच सांगत असतेस ना, ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात."

"तुमचा भाऊ. मी खाली, ते वर. त्यात मात्र त्यांची कधी चूक झाली नाही."

"आणि तो गेल्यावर?"

"वरचा मेईर. पण काल दुपारी मी ब्रेकचा सिलेंडर बदलत होते, तेव्हा त्याने जिन्यातूनच सांगितलं, 'येमिमाबाई, अलोनचा फोन आला होता. मला यात ओढू नका.' पुढे शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची वेळ झाली. हवा तशीच राहिली नळ्यांत, आणि हवा आहे तोवर पेडल धरत नाही." मग तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "बघा, बोलायला लावलंतच मला."

येमिमाच्या घरी पोचल्यावर दोघींनी पाय धुतले. पनीना दिवाणावर पडली, पण डोळा लागला नाही. येमिमा खुर्चीत बसून प्रार्थनेचं पुस्तक वाचत होती. पानं वेळच्या वेळी उलटत होती. एवढी घाई असताना ही बाई सूर्य ढकलायला जात नाही, हे पनीना बघत राहिली. हिवाळा जवळ आलेला, दिवस लवकर कलला. आकाशात तीन तारे दिसले तशी येमिमाने वेणीसारखी मेणबत्ती पेटवली, शब्बाथ संपवणारी हाव्दालाची प्रार्थना म्हटली, दोघींनी लवंगांचा वास घेतला, द्राक्षरसात ज्योत विझली. आठवडा सुरू झाला.

तेवढ्यात फोन. पलीकडून अलोनचा आवाज पनीनापर्यंत येत होता. हिब्रूत विचारत होता, आई, उद्या किती वाजता आणू त्याला?

"दुपारी ये," येमिमा मराठीत म्हणाली. "जेवायलाच ये. भंगारवाल्यालाही आण, त्यालाही वाढीन. पण त्याला सांग, दुसरीकडचं काम बघून ठेव, इथून तू रिकामा जाणार आहेस."

"इमा, तुझ्याकडे माणूस कुठाय? एकटीने होत नाही ते."

"ते मी बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र थोडा वेळ फोनवरचा हात तिने उचलला नाही.

मग तिने साडी सोडून जुना शर्ट चढवला, वायरीचा दिवा घेतला आणि खाली गेली. पनीना खिडकीशी आली. गाडीचं मागचं अंग स्टँडवर उचललेलं, ब्रेकचा ड्रम बसवलेला. येमिमाने निपलला, चाकामागच्या हवा सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. वर मान करून मेईरच्या खिडकीकडे पाहिलं. मेईरने पडदा ओढून घेतला. येमिमाने हाक मारली नाही. ती केबिनमध्ये जाऊन बसली, एक लाकडी फळी सीट आणि पेडलच्या मध्ये ठोकून अडकवली आणि खाली आली. निपल जरा ढिलं केलं, तोच फळी निसटून दाणकन पडली. नळीत बुडबुडे उलटे वर चढले. तिने पुन्हा फळी लावली. पुन्हा पडली.

पनीनाने देवाचं नाव घेतलं, कठड्याला धरून एकेक पायरी करत जिना उतरली आणि गाडीजवळ जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, "एवढ्याशा उजेडात तुला दिसतं तरी काय?"

येमिमा गाडीखालून बाहेर आली नाही. पण तिने दिवा बाजूला सरकवला आणि मान वळवून नणंदेकडे पाहिलं. तिच्या गालाला तेल लागलं होतं.

"वन्सं, दुखरा गुडघा डावा ना तुमचा? हे काम उजव्या पायाचं आहे. वर बसा. मी 'दाबा' म्हटलं की पूर्ण दाबायचं. पेडल खाली जाईल, जाऊ द्या, घाबरायचं नाही. आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत, कुणी वरून हाक मारली तरी, पाय काढू नका."