डोक्यामागचा दिवा

बल्लारपूरला गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीतून सुकलेल्या मोहफुलांची पुरचुंडी माझ्या मांडीवर टाकली. जपान बुद्धाचा देश आहे एवढंच तिला ठाऊक, आणि तेवढ्यावर ती खूश. "जयभीम बेटा. झाडाची फिकर नोको करू, मी पाहतो," ती ओरडली.

झाड म्हणजे पोंभुर्ण्याच्या जंगलातला आमचा मोह. गावातून गेलेल्यांनो, तुम्हाला आठवत असेल, आपल्या गावात मोहाचा सातबारा नसतो. जो वेचतो त्याचं झाड. एक हंगाम चुकला की ते दुसऱ्याचं.

इथं जपानात माझं काम उजेडाचं. दोन-तीन अणूंइतका पातळ सेमीकंडक्टरचा पापुद्रा असतो, आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांना जायला जणू दोन खोरी. लेसरच्या उजेडाला उजवा पीळ दिला की ते एका खोऱ्यात जातात, डावा दिला की दुसऱ्या. उजेड गेला की लगेच सगळे पांगतात. त्यांना जरा जास्त वेळ एका जागी धरून ठेवायचं, ही माझी नोकरी. आईला हे समजावलं तर म्हणाली, "म्हंजे उजेडानं ढोरं हाकलतं तू. मंग आमचा वाघ बी हाकल ना!"

तेव्हा आम्ही दोघी हसलो. पण मग मागच्या हंगामात तिच्या जोडीला जाणाऱ्या शांताकाकूला वाघानं ओढून नेलं. फुलं पहाटे गळतात आणि ती वाकूनच वेचावी लागतात. आता आई एकटी जाते. मी तिला कपाळावर बांधायचा दिवा पाठवला. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर बाईसाहेबांनी तो डोक्यामागे बांधलेला.

"अगं, उलटा झाला!"

"उलटा नाई. फुलं हाताले समजते. वाघ मागून येते."

माझं हसू तोंडातच राहिलं.

घरी पोचली की ती एक रिंग देऊन कापते. तिकडे उजाडतं तेव्हा मी लॅबमध्ये असते. फोन बाहेर ठेवावा लागतो, त्याच्या उजेडानं मोजमाप बिघडतं. आत अंधारात इलेक्ट्रॉन माझं मुकाट ऐकतात. ती परतली की नाही, हे बाहेर येईपर्यंत मला कळत नाही. फार भीती वाटते.

"कशाला जातेस? काय कमी आहे आपल्याला?" मी एकदा चिडून विचारलं.

"फुलासाठी कोन जाते? तू वापस आली त तुझं काई नोको का इथी?"

ती माझी जागा राखत होती. आणि माझी इथली नोकरी तर कायमची झाली होती. कितीतरी दिवस ते ओठांवर येऊन परत जायचं. शेवटी परवा सांगून टाकलं, "आई, सोड ते झाड. मी आता परत नाही येणार."

 ती म्हणाली, "बरं. जेवली का?"

काल दुपारी लॅबमधून निवांत बाहेर आले. आता फोन बघायची गरज नव्हती, तरी सवयीनं हात गेला. रोजच्याच वेळेचा मिस्ड कॉल होता. मी तिथंच जिन्यात बसून रडले. घर कुठं आहे म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगू? मी नाही म्हटलं तरी माझी आई पहाटे डोक्यामागे दिवा बांधून ते राखायला जाते, आणि मला तिला थांबवता येत नाही.